नाशकात कुत्रा पाळताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर सकाळी चहाला उभं राहिलं की आमच्या गुंडीकडे बघत कोणीतरी येतंच आणि "भाऊ एक विचारू का" म्हणून सुरू होतं. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, कित्येक वर्षं कुत्री पाळलेला माणूस आहे. आधी बंड्या नावाचा लॅब (लॅब्राडोर) होता, आता गुंडी, अस्सल गावठी. यूट्यूबवरचे सल्ले बरेचदा परदेशातले असतात, तिकडे ना द्राक्षाचे मळे ना मिसळ ना बिबटे, त्यामुळे इथे जे लागतं तेच लिहिलंय.

हस्की घेऊ का? नाशिकची हवा तर थंड असते ना?

नका घेऊ. डिसेंबर-जानेवारीची थंडी बघून लोक फसतात, पण एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातो तेव्हा त्या दुहेरी केसांच्या कुत्र्यानं करायचं काय? मग दिवसभर एसी, आणि लाइट गेली की सगळं घर पुठ्ठा घेऊन वारा घालतंय. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांचे पण उन्हात फार हाल होतात, त्यांना नीट धापच टाकता येत नाही. पहिल्यांदाच पाळणार असाल तर गावठी पिल्लू घ्या. काटक असतं, केस कमी गळतात आणि हुशार इतकं की आठ दिवसांत तुम्हालाच ट्रेन करतं.

पिल्लू किती दिवसांचं आणावं?

निदान ८ आठवड्यांचं, म्हणजे दोन महिन्यांचं. ३०-३५ दिवसांचं पिल्लू "लहान असलं की लवकर लळा लागतो" सांगून गळ्यात मारतात, पण केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. आईजवळ आणि भावंडांत राहून ते चावण्याचा जोर किती ठेवायचा ते शिकतं, लवकर तोडलं की मग तुमचे हात-पाय त्याचं प्रॅक्टिसचं मैदान.

कोणती इंजेक्शनं आणि कधी?

६ ते ८ आठवड्यांत पहिलं, मग दर ३-४ आठवड्यांनी एक असं १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. यात पार्वो, डिस्टेंपर, कावीळ वगैरे रोगांवरची लस येते, लेप्टोची पण घ्या, ते का ते पावसाळ्याच्या प्रश्नात सांगतो. रेबीजचं तीन महिने पूर्ण झाले की. नंतर वर्षानं बूस्टर आणि पुढे दरवर्षी. कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही दोन्ही पाहिजे, नुसतं पेनानं "दिलं" असं लिहिलेलं कार्ड घेऊन घरी येऊ नका. आणि कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, गार्डनमध्ये खाली सोडू नका, उचलून फिरवा, माणसं गाड्या आवाज सगळं दिसू द्या पण पाय जमिनीला नको.

पार्वो म्हणजे नक्की काय? सगळे एवढे घाबरतात का?

कारण पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. उलट्या, मग घाण वासाचे रक्ताचे जुलाब, खाणं बंद. घरी ताक, साबुदाण्याचं पाणी असले प्रयोग करत बसायचं नाही, सरळ सलाईनला न्यायचं. आणि एक, तो व्हायरस मातीत, फरशीच्या फटीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाईलनं मरत नाही. धुवायचं पांढऱ्या कपड्यांच्या ब्लीचनं, एक भाग ब्लीचला ३० भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ज्या घरात पार्वोनं पिल्लू गेलंय तिथे लगेच महिन्याभरात दुसरं लस न झालेलं पिल्लू आणणं म्हणजे त्याला मरायला आणणं आहे, स्पष्टच बोलतो.

जंताचं औषध?

लहानपणी दर १५ दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याला एकदा, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर असतो, म्हणून आधी वजन करा. घरात रांगणारं बाळ असेल तर अजिबात चुकवू नका, कुत्र्याचे जंत माणसांना पण होतात.

द्राक्षं दिली तर चालतात ना? आमचा तर मळाच आहे.

हा प्रश्न मला नाशिकमध्येच विचारला जातो आणि उत्तर ऐकून सगळ्यांना धक्का बसतो. नाही चालत. एक पण नाही. द्राक्षं आणि मनुके, बेदाणे सुद्धा, कुत्र्याच्या किडन्या बंद पाडू शकतात.

त्रास म्हणजे ह्याला हिशोब नाही. एखादा कुत्रा मळ्यात पडलेले घड खाऊन मजेत असतो आणि दुसरा मूठभर खाऊन दगावतो, म्हणून मळेवाले म्हणतात "आमचा शेरू लहानपणापासून खातो काही होत नाही". द्राक्षातलं टार्टारिक अ‍ॅसिड हे कारण असावं असं आता मानतात, आणि ते जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमीजास्त असतं, त्यामुळे शेरूचं नशीब म्हणायचं. हेच अ‍ॅसिड चिंचेत पण असतं, म्हणजे चिंचेची आंबट-गोड चटणी पण लांबच.

आमचंच सांगतो. मार्च महिना, पिंपळगावहून साडूनं द्राक्षाचं क्रेट आणलं, गॅलरीत ठेवलं, आम्ही गप्पांत. बंड्यानं किती खाल्ली ते आजपर्यंत माहीत नाही. रात्री उलटी झाली, आम्हाला वाटलं पित्त. सकाळी उलटीत द्राक्षाची सालं दिसली तेव्हा पळालो. तीन दिवस सलाईन, रोज किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ताची टेस्ट, लघवी होतेय का ह्याच्यावर सगळ्यांचा डोळा. वाचला. पण डॉक्टर म्हणाले पहिल्या एक-दोन तासांत आणला असता तर उलटी करवून बहुतेक काढून टाकता आलं असतं. उलट्या साधारण पहिल्या दिवसात सुरू होतात आणि किडनीचं नुकसान एक ते तीन दिवसांत दिसतं, म्हणून "बघू उद्या" हे वाक्य इथे महाग पडतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, मिठानंच विषबाधा होते.

बेदाण्याचा शिरा, खीर, मनुके घातलेला चिवडा, फ्रूट केक, नैवेद्याचं ताट, सगळं ह्यात आलं. आणि मळ्यात राहणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, फवारणीच्या दिवशी कुत्रा बांधून ठेवा, टाकीतलं आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाच्या गोळ्या पण त्यांना खाऊच वाटतात.

कांदा?

आपल्या जिल्ह्याचं नशीब बघा, ज्या दोन पिकांवर नाव कमावलं ती दोन्ही कुत्र्याला विष. कांद्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर, काहीही असो. साधारण किलोमागे १५ ते ३० ग्रॅम पोटात गेला की त्रास होऊ शकतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीड-दोन मध्यम कांदे. तुम्ही म्हणाल एवढा कोण देतं, पण रविवारी मिसळीचा रस्सा पावाला लावून, संध्याकाळी बिर्याणीचा मसाला पुसून घेतलेला भात, दुसऱ्या दिवशी भजी, असं साचतं. लक्षणं लगेच नाही, दोन-चार दिवसांनी दिसतात, हिरड्या पांढुरक्या, दम लागणं, लघवी चहासारखी. तोपर्यंत मिसळ सगळे विसरलेले असतात. लसूण पण तसाच. "गोचीड पळतात म्हणून लसूण देतो" म्हणणारे एक काका आहेत ट्रॅकवर, त्यांना मी रोज सांगतो, ते रोज हो म्हणतात.

चॉकलेट, दारू, शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉल, हे पण बंद.

मग द्यायचं काय? दूध-पोळीवर आमची आजोबांच्या वेळची कुत्री १५ वर्षं जगली.

ती कुत्री दिवसभर वाड्याबाहेर फिरून उंदीर, अंडी, काय काय खात होती हो, दूध-पोळी हे फक्त आपल्याला दिसलेलं जेवण. फ्लॅटमधल्या कुत्र्याला नुसती दूध-पोळी दिली की प्रोटीन कमी पडतं, आणि मोठ्या कुत्र्यांना दूध बरेचदा पचत नाही, पोट बिघडतं. दही, ताक त्यामानानं बरं.

घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं चिकन नाहीतर अंडी, त्यात भात किंवा भाकरी, भोपळा, गाजर, फरसबी, मीठ-मसाला काही नाही. पण एक चूक सगळे करतात: चिकन-भातात कॅल्शियम नसतं जवळपास, आणि वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने तेवढंच दिलं की पाय वाकतात. डॉक्टरांना विचारून सप्लिमेंट घाला, किंवा पहिलं वर्षभर चांगल्या कंपनीचं पपी फूड द्या, त्यात कमीपणा काही नाही. शाकाहारी घर असेल तर अंड्याला तरी परवानगी काढा आजीकडून. मटणाची शिजवलेली हाडं नकोत, ती चिरफाळतात आणि आतड्यात रुततात.

जाड झालाय का हे बघायला वजनकाटा नको, बरगड्यांवरून बोटं फिरवा. हलक्या हातानं बरगड्या लागल्या पाहिजेत. नाही लागल्या तर बिस्किटं बंद. आणि हो, ती ग्लुकोजची बिस्किटं, ट्रॅकवर प्रत्येक जण एक-एक देतो, गुंडीची एका फेरीत अकरा झाली होती एकदा, मी मोजली.

गोचीड काही केल्या जात नाहीत, काय करू?

इथे जरा सावकाश वाचा, कारण नाशकात कुत्री द्राक्षापेक्षा गोचिडानंच जास्त जातात असं माझं मत आहे.

पहिली गोष्ट, अंगावर दिसतात ती गोचीड म्हणजे थोडीच. मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, सोफ्याच्या मागे हजारो अंडी घालते. तुम्ही अंगावरची वेचत बसता आणि नवी पलटण भिंतीतून येते. म्हणून कुत्र्याला औषध आणि घराला औषध एकाच वेळी. कुत्र्यासाठी आता महिन्याची किंवा तीन महिन्यांची खायची गोळी मिळते, मानेवर टाकायचे थेंब मिळतात, वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या. गोठ्यातल्या गाईंचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून अंघोळ घालणारे लोक बघितलेत मी, मग कुत्रं लाळ गाळत थरथरत पडतं. घरात मांजर असेल तर अजून जपा, पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला मारू शकतं.

काढायची कशी? बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, काडीपेटीनं जाळायची तर नाहीच. काढली की साबणाच्या पाण्यात. बोटांनी चिरडू नका.

आता टिक फीवर. गोचीड चावली की एर्लिकिया, बॅबेसिया असे जंतू रक्तात जातात. ताप, जेवण नको, सुस्ती, हिरड्या फिक्या, कधी नाकातून रक्त, बॅबेसियात लघवी कॉफीसारखी. आमच्या बंड्याला नऊ वर्षांचा असताना झाला. मे महिना होता, आम्हाला वाटलं उन्हानं सुस्तावलाय. नेलं एका ठिकाणी, त्यांनी पोट बिघडलंय म्हणून चार दिवस गोळ्या दिल्या, रक्त तपासलंच नाही. पाचव्या दिवशी नाकातून रक्त आलं तेव्हा दुसरीकडे पळवला, प्लेटलेट्स तळाला गेलेल्या. नाही वाचला. म्हणून आता सगळ्यांना सांगतो, कुत्रा दोन वेळचं जेवला नाही आणि अंग गरम लागतंय तर स्वतःहून म्हणा, "डॉक्टर, ब्लड टेस्ट करूया का". एर्लिकियाला वेळेत कळलं तर औषध आहे, डॉक्सीसायक्लिन, साधारण २८ दिवस. पाचव्या दिवशी शेपूट हलवायला लागला म्हणून बंद करायचं नाही.

उन्हाळ्यात काय काळजी?

सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर फिरवा. डांबरी रस्त्यावर आपला पालथा हात पाच-सात सेकंद ठेवा, चटका बसला तर त्याच्या पायाला पण बसतो. कॉलेज रोडला दुपारी बारा वाजता बूट घातलेल्या मालकामागे तापल्या पायांनी नाचत चाललेला कुत्रा बघितला की डोकं फिरतं माझं. बंद गाडीत पाच मिनिटं पण ठेवू नका.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट. १०५ च्या पुढे गेलं, जीभ लालभडक, लाळ चिकट, पाय लटपटतायत, म्हणजे उष्माघात. सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पंखा लावा आणि ओल्या अंगानंच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत गरमी कोंडते. केस पूर्ण भादरू पण नका, कातडी भाजते.

पावसाळ्यात?

गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सगळं नाशिक पूर बघायला जातं, कुत्र्याला घेऊन जाऊ नका. पुराच्या, गटाराच्या पाण्यात उंदरांची लघवी असते, त्यातून लेप्टो होतो, आणि तो कुत्र्याकडून आपल्याला होऊ शकतो. फिरून आलं की पाय धुवून बोटांच्या मधे कोरडं करायचं, कान आतून पुसायचे. लॅब, कॉकरसारख्या लोंबत्या कानांची कुत्री सारखी डोकं झटकायला लागली की समजायचं, कानात काहीतरी झालंय.

अंघोळ किती दिवसांनी?

दोन-तीन आठवड्यांनी. कुत्र्याचाच शाम्पू, आपला नको. डेटॉल तर नकोच.

बंगला आहे, रात्री अंगणात बांधला तर चालेल?

गंगापूर रोड, मखमलाबाद, देवळाली, पाथर्डीकडचे लोक हे विचारतात तेव्हा मला कळत नाही काय बोलावं. अहो, बिबट्या येतो ना इकडे! निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या ऊसपट्ट्यात तर विचारायलाच नको. साखळीनं बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. कुत्र्याच्या वासानंच तो घरापर्यंत येतो आणि मग धोका तुमच्या पोरांना पण. रात्री घरात, नाहीतर वरून पण जाळी असलेल्या पक्क्या पिंजऱ्यात. राखणीला पाळलाय म्हणता ना, मग आतून भुंकेल की. पहाटे अंधारात मळ्याकडे पट्टा सोडून फिरवायची हौस पण बंद करा.

नसबंदी करावी का? "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" म्हणतात.

कोण म्हणतं? पिल्लं सांभाळायला येतात का ते? एकदा पिल्लं झाली की तब्येत सुधारते ह्याला काही आधार नाही. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, तीन आठवडे राहते, आणि नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू व्हायचा धोका वाढतो. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, सुस्त झाली, तर त्याच दिवशी दाखवा, त्यात इमर्जन्सी ऑपरेशन लागतं. गुंडीचं आम्ही सातव्या महिन्यात केलं, दहा दिवस गळ्यात तो लॅम्पशेडसारखा कॉलर घालून घरभर धडका मारत होती, बाकी काही नाही. मोठ्या जातींना थोडं थांबतात, वय डॉक्टरांना विचारा.

घरचाच कुत्रा चावला, लस झालीय त्याची, तरी इंजेक्शन घ्यायचं?

आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात. इंजेक्शन द्यायचं की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील, शेजारच्या वहिनी नाही. कुत्र्याला १० दिवस नजरेखाली ठेवतात. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस जवळपास वाचतच नाही, म्हणून इथे काटकसर नको. मुलांना सांगून ठेवा की ओरखडा जरी आला तरी रागावणार नाही, फक्त सांग. मुलं मार पडेल म्हणून लपवतात.

सोसायटीवाले म्हणतात कुत्रा काढा, लिफ्टनं नेऊ नका.

असं करता येत नाही त्यांना. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट पण नाकारता येत नाही. पण त्यातच मालकाची जबाबदारी पण आहे. महापालिकेत नोंदणी करा, रेबीजचं सर्टिफिकेट जवळ ठेवा, पट्टा लावा आणि शी उचला. चेअरमनशी भांडण निम्मं तिथेच मिटतं. खिशात जुन्या पेपरचे तुकडे ठेवायचे, एवढं सोपं आहे.

ताप आलाय, आपली क्रोसिन देऊ?

नाही. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक तर त्याहून नाही, पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

गवत खातो, म्हणजे पाऊस येणार का?

नाही हो. बरीच कुत्री खातात. रोज खाऊन उलटी करत असेल तर दाखवा.

दिवाळीत फटाक्यांना खूप घाबरतो.

संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, मग आतल्या खोलीत, खिडक्या बंद, टीव्ही जरा मोठा. पलंगाखाली घुसला तर घुसू द्या, ओढून काढू नका. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला पाहिजे, दरवर्षी लक्ष्मीपूजनाला कोणाचा ना कोणाचा कुत्रा पळून जातो. फारच थरथरत असेल तर दिवाळीच्या आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा, ऐन रात्री काही होत नाही.

म्हातारा झालाय, जिने चढत नाही. वय म्हणून सोडून द्यायचं?

सांधे दुखत असतात, आणि त्याला औषध असतं. वजन कमी करा, गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या टाका, पाय घसरत नाहीत. वर्षातून दोनदा रक्ताची तपासणी. दात पण बघा, तोंडाला वास आणि एका बाजूनं चावणं म्हणजे दात किडलाय किंवा हिरडी सुजलीय, नुसतं "म्हातारा झाला, जेवत नाही" नसतं ते. गुंडी आता नऊची आहे, जिना चढते अजून, पण मधल्या पायरीवर थांबून मागे बघते, तेव्हा आम्ही पण थांबतो.